नागऱ्याचं तीर्थ

"बहात्तर तास उपास," डॉक्टर म्हणाले. "सिर्फ सादा पानी. दुसरं काही पोटात गेलं तर सगळी तपासणी वाया."

प्रफुल्लनं बायकोकडं पाहिलं. मोनालीला रात्रीच्या जेवणानंतरची पहाटच निभत नव्हती. घामाघूम व्हायची, भलतंसलतं बरळायची. शेजारपाजारचे म्हणाले, अंगात येतं. मागच्या महिन्यात ती अशीच उठून कालव्यात उतरली. तो घरी होता म्हणून वाचली. तोंडात साखर कोंबल्यावर शुद्धीवर आली. पण तो नागझिऱ्याचा गाईड, पहाटेच जंगलात जाणारा. रोज घरी कसा राहणार?

स्वादुपिंडात वाटाण्याएवढी गाठ असावी, असा डॉक्टरांचा संशय होता. ती नको तेवढं इन्सुलिन सोडते आणि रक्तातली साखर घसरते. "उपासात साखर पडली तर ऑपरेशन करू, बरी होईल. नाही पडली तर गाठ नाही."

"पोट फाडतेत का जी?" मोनालीचा चेहरा पांढराफटक पडला.

"याच्या बापाचंबी फाडलं होतं," प्रफुल्लची माय रुक्माबाई म्हणाली. "घरी आलाच नाही मानूस."

तीन दिवस म्हातारी सुनेच्या उशाशी बसून होती. नागऱ्याच्या महादेवाचं तीर्थ तिनं बाटलीत भरून आणलं होतं. पाणीच ते, नर्सनं हरकत घेतली नाही. तासातासाला घोटभर पाजायची, हात जोडायची. अशी सासू मिळायला नशीब लागतं, बाप्पा!

उशाशी मुंग्यांची रांग लागली होती. धुळीतल्या पाऊलखुणांवरून वाघ कुठं गेला ते सांगणाऱ्या प्रफुल्लनं ती रुमालानं झटकून टाकली. दवाखान्यात मुंग्या असायच्याच.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी डोकं खाजवलं. "कमाल है. एकदाही साखर पडली नाही. गाठ नाही, घेऊन जा घरी."

प्रफुल्ल तिथंच ढसाढसा रडला. एवढा आनंद त्याला लग्नातही झाला नव्हता.

एसटीत ऊन मी म्हणत होतं. "उद्यापासून सफारीले जातो मी," तो म्हणाला. "आता कायचं भेव?" घसा कोरडा पडला होता. त्यानं मायच्या पिशवीतून बाटली काढली.

"अवो, नोका पिऊ ते!" मोनालीनं त्याचा हात धरला.

"काऊन? देवाचं पानी मले चालत नाही का?"

रुक्माबाईनं खिडकीकडे तोंड फिरवलं. त्यानं हसत हात सोडवला आणि मोठा घोट घेतला.

तीर्थ गोडमिट्ट होतं.