मथाविनी घर दाखवते

"थांबू नकोस!" मथाविनी मागच्या सीटवरून ओरडली. "आधी माझं घर, मग तुझी जनावरं."

"आई, दोनच मिनिटं," म्हणत रिसिमातीनं गाडी कडेला घेतलीच. सकाळपासून त्या बिचाऱ्याला एक खार सोडून काही दिसलं नव्हतं. इथे मात्र झेब्रे होते, हरणं होती, रानम्हशींचा कळप होता आणि पुढचे गुडघे टेकून चरणारी रानडुकरांची जोडीही होती. त्याची बायको न्येलेती दुर्बीण काढून बसली.

मथाविनीचा जीव टांगणीला लागला होता. साडेचार वाजले होते आणि सहाला राष्ट्रीय उद्यानाचं फाटक बंद होणार होतं. ती नऊ वर्षांची असताना सरकारी ट्रकांनी तिचं गाव इथून उचललं, आणि रिकाम्या गावावर हे उद्यान पसरलं. आता जमिनीचा हक्क गावाला परत मिळाला होता. गावची समिती जुन्या घरांचा नकाशा काढत होती. जो जागा दाखवेल, त्याच्या घराचं नाव नकाशावर. तो नकाशा उद्या पक्का होणार होता. थोरला भाऊ गेल्या हिवाळ्यात वारला, त्यामुळे वडिलांचं घर पाहिलेली ती एकटीच उरली होती. मागच्या महिन्यात समितीच्या गाडीतून येऊन ती हात हलवत परत गेली होती. तेव्हा अध्यक्ष सगळ्यांदेखत म्हणाले होते, "मावशींनी घर स्वप्नात बघितलं असेल." लोक हसले होते. ते हसू तिला अजून झोंबत होतं.

घरामागे गोरखचिंच होती, एवढं तिला पक्कं आठवत होतं. पण या रानात गोरखचिंचांना काय तोटा! दिवसभरात त्यांनी अकरा पाहिल्या. प्रत्येक झाडापाशी गाडी थांबायची आणि मथाविनी मान हलवायची. त्यात इथला रिवाज असा, की एक गाडी थांबली की मागचीही थांबणार आणि काच खाली करून विचारणार, "काय दिसलं?" दुपारी एका रिकाम्या झाडाखाली सहा गाड्या जमल्या होत्या आणि सगळे माना वर करून बिबट्या शोधत होते. "काही नाही हो, आमच्या सासूबाईंचं घर शोधतोय," असं न्येलेतीनं सांगितलं, तर कुणाचा विश्वासच बसेना. बिबट्या लपवतात म्हणून एकानं शिवीसुद्धा दिली.

"झाली दोन मिनिटं," मथाविनी म्हणाली. मग ती काचेला नाक लावून बाहेर बघू लागली.

"ही सगळी इथंच का चरतायत रे?"

"गवत चांगलं असेल."

"आणि तिकडं, चार पावलांवर?"

तिकडे लाल माती होती आणि मोपानीची खुरटी झाडी होती. ती झाडी या हिरवळीच्या कडेपर्यंत येऊन थांबली होती. रिसिमातीनं आत्ता कुठे नीट पाहिलं. हिरवळ गोल होती, अगदी आखून काढल्यासारखी.

"न्येलेती," म्हातारीनं बोट रोखलं, "त्या डुकरांच्या मागं दगड आहे. दुर्बिणीतून बघ."

"आहे. मधे खड्डा पडलाय. पाणी साचलंय त्यात. अगंबाई, आई, हा पाटा आहे! धान्य वाटायचा पाटा!"

"कुठल्या बाजूनं जास्त झिजलाय?"

न्येलेतीनं दुर्बीण डोळ्यांना घट्ट दाबली. "डाव्या."

"आई डावखुरी होती माझी," मथाविनी म्हणाली आणि तिनं गाडीचं दार उघडलं.

"आई, म्हशी आहेत!" नवरा-बायको एकदमच ओरडले. न्येलेतीनं मागे वाकून सासूचा दंड धरला नसता, तर म्हातारी त्या रानम्हशींतून चालत गेली असती. तिला आत ओढून दार लावलं, तेव्हा ती हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणीही वाहत होतं.

"पण गोरखचिंच कुठाय?" रिसिमातीनं विचारलं. मास्तर माणूस, शंका काढल्याशिवाय राहवतंय कुठलं!

"पडली असेल. चौपन्न वर्षं झाली, बाबा. मीसुद्धा पडायलाच आलेय."

न्येलेतीनं फोनवर जागेची खूण केली, पाट्याचा फोटो काढला आणि रेंज मिळताच ते सगळं अध्यक्षांना पाठवून दिलं. पाचच मिनिटांत उत्तर आलं. नाव कसं लिहायचं, तेवढंच त्यांनी विचारलं होतं. "माझ्या बापाचं पूर्ण नाव लिही," मथाविनी म्हणाली, "आणि त्या अध्यक्षाला म्हणावं, स्वप्न नीट छाप." रिसिमाती इतका हसला की जवळचा झेब्रा दचकला.

तेवढ्यात मागून एक मोठी गाडी येऊन शेजारी थांबली. टोपीवाल्या उंच माणसानं काच खाली केली. त्याच्या मांडीवर हातभर लांब कॅमेरा होता. रिवाजाप्रमाणे तो विचारायला गेला आणि समोरचं बघून त्यानं टोपीच काढली.

"आजी, पंधरा वर्षं येतोय मी इथं," तो म्हणाला. "एका जागी एवढी जनावरं कधी बघितली नाहीत. या जागेत आहे तरी काय?"

मथाविनीनं डोळे पुसले आणि खिडकीतून मान बाहेर काढली.

"खाली माझ्या बापाच्या गाईंच्या गोल गोठ्यातलं शेण आहे," ती म्हणाली. "अजून पुरतंय."