पलीकडची बावडी

पाण्याखालच्या जुन्या भुयारात शिरून व्हिडिओ काढायचा, एवढंच राजशेखरच्या डोक्यात होतं. बावडीच्या काठावरून थोरला भाऊ अरुणकुमार ओरडला, "दोर न्हाई, हवेची टाकी न्हाई, कामून जायलास आत?"

"पोहता येतंय की मला, अण्णा," म्हणत त्यानं बुडी मारली.

आत गाळ ढवळला गेला आणि टॉर्चच्या उजेडात स्वतःचा हातही दिसेना. परतीची वाट सापडेना. छाती फुटायची वेळ आली तेव्हा वर उजेड दिसला, आणि तो शेजारच्या शेतातल्या पडक्या बावडीत वर आला. भुयार तिथवर जातं हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. किती तरी वेळ तो पायरीवर खोकत पडून होता. मग बांधावरून धडपडत परत आला.

काठावर गाव जमलं होतं. त्याला पाहून सगळ्यांनी पाण्याकडे पाहिलं. त्याची बायको नेत्रावती तेवढी धावत आली आणि त्याच्या छातीवर बुक्क्या मारत रडायला लागली.

"आता कामून रडायलीस? आलो की मी."

 

"तुमाला काढायला अण्णा कवाच आत गेलेत."