शुक्रवारची पहार

"अब्बा, जुम्म्याची नमाज बुडवून तुमी भाडेकरूंचे गाळे फोडता, व्हय?" अब्बांना चारचौघांत जाब विचारायची मैत्रिणींनी लावलेली पैज नौशीननं कराडच्या भर बाजारात, अब्बांच्या कॉम्प्लेक्ससमोर जिंकली. अश्फाकचाचांचा टेलरिंगचा गाळा जास्त भाडं देणाऱ्या बँकेला हवा होता आणि चाचा मशिदीत होते. अब्बांनी उत्तराऐवजी पहार उचलली. शटर फाटलं, शिलाई मशीन रस्त्यावर आपटलं. गलका ऐकून मशिदीतून धावत आलेले चाचा मशीनवर आडवे पडले, तशी पहार त्यांच्या मनगटावर उतरली. हाड मोडल्याचा आवाज वरच्या घराच्या गॅलरीतल्या अम्मीलाही ऐकू गेला. "बघून ठेव, पोरी," अब्बा धापा टाकत म्हणाले, "उद्या कॉम्प्लेक्स तुलाच चालवायचं हाय." नौशीननं पहार हिसकावून त्यांच्या ऑफिसच्या गाळ्याचं काचेचं दार एका घावात फोडलं. "अब्बा, अम्मी, ठरलं! उद्या कशाला, आत्तापासून मीच चालवणार. आधी गाडी काढा, चाचांना दवाखान्यात न्या. मग त्यांच्यासाठी तुमचा गाळा रिकामा करा!"