घरची सर

‘खोली छान, पण घरची सर नाही,’ असा अभिप्राय कुमुदताईंनी गेल्या वर्षी हॉटेलला दिला होता. ‘नेमकं काय कमी पडलं? तपशील द्या,’ असं खोलीनेच विचारलं, तेव्हा त्या वैतागून म्हणाल्या होत्या, ‘पलंगावर ओला टॉवेल नाही, आणि बाथरूममधून हाका मारायला आमचे हे नाहीत!’

यंदा त्यांनी दार उघडलं, तर पलंगावर ओला टॉवेल. बाथरूममधून कधीच वारलेल्या वसंतरावांचा आवाज आला, ‘अगं, माझा चष्मा कुठे ठेवलास?’

ताईंच्या हातून बॅग पडली. ‘अगं बाई! हे नको, हे नको!’

‘तुमचे हे काढून टाकले. पुन्हा येणार नाहीत,’ खोली नम्रपणे म्हणाली.

बाथरूम शांत झालं. ताई दारावर थापा मारू लागल्या, ‘अहो! अहो, चष्मा माझ्याच पर्समध्ये आहे!’