एकच शनिवार

शिंत्रेबाईंनी कॅनव्हासचे बूट पांढरे रंगवून गॅलरीत वाळत ठेवले. कवायत शिकवायच्या नोकरीवरून शाळेने त्यांना काढून टाकल्याला अकरा वर्षं झाली होती, पण बूट रंगवायचा शुक्रवार कधी चुकला नव्हता. शाळेविरुद्ध त्यांनी लढवलेल्या खटल्याचा निकाल सुप्रीम कोर्टाने राखून ठेवला होता, आणि आज मात्र यजमान वैतागले. "निकाल राखून ठेवल्याला सात महिने झाले! आता तू रिटायर झाल्यावरच लागायचा तो."

तेवढ्यात वकिलांचा फोन वाजला. "बाई, जिंकलात! सोमवारी रुजू व्हा."

यजमानांनी डोळे पुसत भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. "अगं, महिनाअखेरीला तू निवृत्त. मधे कवायतीचा शनिवार एकच येतोय."

"एक आहे ना? मग बूट आणा इकडे. अजून एक हात देते."

त्या शनिवारी सकाळी मैदानावर सहाशे मुलं रांगेत उभी होती. बाईंनी शिट्टी फुंकली. "साऽवधान!"

सहाशे मुलांच्या टाचा एकदम जुळल्या. मागे व्हरांड्यात आणखी एक टाच वाजली, जरा उशिराच. बाईंनी वळून पाहिलं. नव्या मुख्याध्यापिका हातात चहाचा कप धरून ताठ उभ्या होत्या. पंचवीस वर्षांपूर्वी त्याही याच मैदानावर, बाईंच्याच रांगेत असायच्या.

"रेवती, अजूनही उशीर!" बाई कडाडल्या.

"चुकलं, बाई," मुख्याध्यापिका म्हणाल्या, आणि "विश्राम" ऐकू येईपर्यंत त्यांनी कप तोंडाला लावला नाही.