दोन टिंबं

निवृत्तीनंतर आईने कॉम्प्युटरची भाषा शिकायला घेतली. माझं पोटच त्यावर चालतं, त्यामुळे शिकवणं माझ्याकडे आलं. काही ओळींच्या शेवटी दोन टिंबं (:) द्यायला ती हमखास विसरायची, प्रोग्रॅम अडायचा आणि ती विचारायची, "आता का रे अडलं?" तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी खेकसलो, "आई, किती वेळा तेच तेच सांगायचं?" तिने वही मिटली.

आठवड्याने म्हणाली, "पहिला प्रोग्रॅम जमला बघ. प्रश्न टाइप केला की उत्तर देतो. तुझ्यामागे भुणभुण नको, म्हणून माझ्यापुरता केलाय."

मी 'का अडलं?' असं मुद्दाम तीनदा टाइप केलं. ती शेजारीच उभी होती.



तिन्ही वेळा स्क्रीनवर एकच उत्तर उमटलं, 'टिंबं राहिली असतील, बघा. पुन्हा विचारलंत तरी चालेल.'