धोका: कमी

दोंडाईच्याजवळच्या आमच्या गावात दारूचा कारखाना आला आणि बोअरचं पाणी तांबूस झालं. चार वर्षांपूर्वी गिरधर आबांनी गावाच्या सह्या घेऊन तक्रारीचा अर्ज तयार केला, तर कारखान्याचा साहेब त्यांच्या ओट्यावर येऊन बसला. "आबा, पाणी चांगलं आहे. उगाच बोभाटा केलात तर या गावात मुलगी कोण देईल?" तेव्हा गावात सात पोरं लग्नाची होती. आबांनी अर्ज पत्र्याच्या पेटीत ठेवून दिला.

परवा आबांची नात भूमिका कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी त्याच कंपनीचा पर्यावरण अहवाल मोबाईलवर वाचत होती. गुंतवणूकदारांना कंपनीने सगळं खरं सांगितलं होतं, लपवलं फक्त आमच्यापासून. भूमिकाने आबांना मराठीत सांगितलं, "कारखान्याभोवतीचं भूजल पिण्यायोग्य राहिलेलं नाही. गुंतवणुकीला धोका: कमी. कारण: चार वर्षांत गावातून एकही तक्रार नाही."

आबांनी उठून पेटी उघडली.

"चाल पोरी, तालुकाले. त्यास्ना धोका वाढाडना शे."